'गमो' पाहून माणसं दोन टोकांना का जातात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तालुक्याच्या गावात तुमचा आठ-दहा जणांचा गट आहे आणि दर पंधरवड्याला तुम्ही एकत्र बसून चित्रपट पाहता. या वेळी हार्मनी कोरीन या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'गमो' (1997) पाहिलात. एक मित्र मध्येच उठून गेला. दुसरा म्हणाला, असा सिनेमा आजवर पाहिला नव्हता. तुम्हाला स्वतःला तो आवडला नाही, पण त्यातली दृश्यं काही केल्या डोक्यातून जात नाहीत. समीक्षा शोधल्या तर तिथेही तीच फूट. मग तुम्ही विचारताय: चित्रपट नक्की कसा आहे, तो आपल्याला कळलाच नाही असं समजायचं का, आणि कॉलेजच्या मुलांना दाखवावा का?

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर एकच. तुम्हाला चित्रपट नीट कळलाय. आवडत नाही आणि विसरताही येत नाही, ही 'गमो'ची पुरेपूर प्रतिक्रिया आहे. अडचण दुसरीकडे आहे. तुमचे ते दोन मित्र एकाच प्रश्नावर भांडत नाहीयेत. उठून गेलेला विचारतोय की या गरीब, आजारी, व्यसनी माणसांना असं पडद्यावर मांडायचा हक्क या दिग्दर्शकाला कुणी दिला. कौतुक करणारा विचारतोय की सिनेमा असाही रचता येतो हे आपल्याला आजवर कुणी का दाखवलं नाही. दोघंही आपलं उत्तर 'चांगला' किंवा 'वाईट' या शब्दांत देतात, म्हणून भांडण मिटत नाही.

मी बरीच वर्षं फिल्म सोसायटीसाठी चित्रपट निवडतोय आणि खेळ संपल्यावरच्या चर्चा चालवतोय. 'गमो'वरची चर्चा दर वेळी याच ठिकाणी अडते. म्हणून मी सुरुवातीलाच हे दोन प्रश्न वेगळे करतो. आधी पडद्यावर काय आहे आणि ते कसं रचलंय एवढंच बोलायचं. दिग्दर्शक या माणसांशी कसा वागला, हे नंतर. तुम्हालाही त्याच क्रमाने सांगतो.

'गमो' घडतो झिनियात. झिनिया हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं, डेटन शहराजवळचं खरंखुरं गाव. 3 एप्रिल 1974 रोजी तिथे टोर्नेडो आला. त्या दिवसभरात अमेरिकेत जवळपास दीडशे टोर्नेडो झाले, त्यांतला झिनियाचा सर्वांत भयंकर वादळांपैकी एक. तीसहून जास्त माणसं गेली, गावाचा मोठा भाग भुईसपाट झाला. चित्रपट सुरू होतो तो या वादळाच्या आठवणीने. सॉलोमन नावाचा पोरगा सांगतो, कुत्री मेली, मांजरं मेली, घरं दुभंगली. आणि त्याच दमात सांगतो की एक मुलगी हवेत उडत होती आणि मी तिच्या झग्याखाली डोकावलो. मरण आणि पोरकट चावटपणा एकाच श्वासात. मागे खराब झालेल्या व्हिडिओची भुरकट चित्रं. पुढचा दीड तास कोणत्या सुरात जाणार हे चित्रपटाने तिथेच सांगून टाकलेलं असतं.

पण एकही दृश्य त्या गावाचं कागदपत्र म्हणून पाहू नका. चित्रीकरण झालं टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या आसपास, जिथे कोरीन लहानाचा मोठा झाला. खरं झिनिया वादळानंतर पुन्हा बांधलं गेलं. चित्रपटातल्या झिनियात मात्र वादळ काल येऊन गेल्यासारखं सगळं विस्कटलेलंच आहे: अंगणात मोडके सोफे, घरात वस्तूंचे ढीग, आणि त्या ढिगांतून वाट काढत फिरणारी पोरं, जी वादळानंतर जन्मली आहेत किंवा ज्यांना ते जेमतेम आठवतंय. मोठ्यांनी आवरायचं सोडून दिलंय आणि मुलांना आवरलेलं घर कसं दिसतं हेच माहीत नाही. माझ्या मते चित्रपटाचा गाभा इथे आहे.

कोरीन तेव्हा 24 वर्षांचा होता. त्याआधी लॅरी क्लार्कच्या 'किड्स'ची (1995) पटकथा त्याने लिहिली होती. दिग्दर्शक म्हणून 'गमो' पहिलाच. खर्च सुमारे 13 लाख डॉलर, अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतून परत आले सव्वा लाखाच्या आत. वितरण केलं 'फाइन लाइन'ने, म्हणजे 'न्यू लाइन' या मोठ्या कंपनीच्या वेगळ्या वाटेच्या चित्रपटांच्या शाखेने. तेव्हा 'गमो'ला 'स्वतंत्र चित्रपट' म्हणतात त्याचा अर्थ एवढाच घ्या: थोडे पैसे आणि दिग्दर्शकाला मोकळा हात.

आता रचना. गोष्ट अशी फारशी नाहीच. सॉलोमन आणि टमलर सायकलवर हिंडतात, छऱ्याच्या बंदुकीने भटकी मांजरं मारतात, ती एका माणसाला विकतात आणि तो ती पुढे हॉटेलला देतो. मिळालेल्या पैशांचा गम घेऊन हुंगतात. दुसरीकडे तीन बहिणी आहेत, त्यांचं लाडकं मांजर हरवलंय. तिसरा एक पोरगा, गुलाबी सशाचे कान घातलेला, उघडाबंब, जवळजवळ मुका. त्याला बनी बॉय म्हणतात. या तीन धाग्यांमध्ये असंख्य सुटे तुकडे: स्वयंपाकघरात एकमेकांना बुक्के मारणारे दोन भाऊ, गाडीशेजारी नाचणारी एक बाई, कुणाचा तरी आवाज, कुणाचे तरी फोटो. 35 मिलिमीटर, 16 मिलिमीटर, सुपर 8, घरगुती व्हिडिओ, पोलरॉइड, सगळं एकात एक. कॅमेरा जाँ-इव्ह एस्कोफिए या फ्रेंच छायाचित्रकाराचा. पॅरिसमध्ये त्याने लिओस कॅराक्सचे देखणे चित्रपट टिपले होते. त्याच नजरेने त्याने इथे कोंदट न्हाणीघर आणि भंगाराचं आवार टिपलंय.

या सरमिसळीचा परिणाम काय होतो? रचलेलं कोणतं आणि खरोखर घडलेलं कोणतं, हे प्रेक्षकाला कळेनासं होतं. टमलरचं काम करणारा निक सटन कोरीनला सापडला तो एका टीव्ही टॉक-शोमध्ये. रंग हुंगण्याच्या नशेवरचा तो भाग होता. बरेचसे लोक कधीच कॅमेऱ्यासमोर उभे न राहिलेले. सॉलोमनच्या आईच्या भूमिकेत मात्र लिंडा मान्झ आहे, जिने किशोरवयातच 'डेज ऑफ हेवन'मध्ये (1978) काम करून नाव कमावलं होतं. क्लोई सेव्हिनी एका बहिणीच्या भूमिकेत आहे आणि सगळ्यांचे कपडेही तिनेच ठरवलेत. म्हणजे एका चौकटीत कसलेली नटी आणि शेजारी रस्त्यावरून आलेला मुलगा. नट असेल तर आपण निश्चिंतपणे पाहतो. खरा माणूस असेल तर आपल्याला लाज वाटते, काळजी वाटते. 'गमो' या दोन्ही अवस्थांमध्ये आपल्याला लोंबकळत ठेवतो. ज्यांना ही अनिश्चितता झेपते ते थांबतात, ज्यांना ती फसवणूक वाटते ते उठतात. उठण्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

दुसरं कारण तितकंच मोठं आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. छोट्या गावातल्या रिकामटेकड्या पोरांवरचे चित्रपट काही नवे नाहीत. इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा 'इ वितेलोनी' 1953 चा. समुद्रकाठच्या गावात पाच मित्र दिवस ढकलतात, आयांच्या जिवावर जगतात, आणि शेवटी त्यांतला एक, मोराल्दो, पहाटेच्या आगगाडीने गाव सोडतो. गाडी सुटते आणि प्रेक्षकाची छातीही मोकळी होते. 'गमो'च्याच वर्षी आलेला 'गुड विल हंटिंग' घ्या. बोस्टनच्या कामगार वस्तीतला मुलगा, आणि शेवट गाडी हायवेला लागण्यावर. छायाचित्रकार तोच, एस्कोफिए. जगभरातली कमाई 20 कोटी डॉलरच्या वर. या प्रकारच्या चित्रपटाचा प्रेक्षकाशी एक न लिहिलेला करार असतो की कुणीतरी एक जण सुटेल. बाकीचे राहिले तरी चालतील, पण एकाच्या डोळ्यांत बाहेरचं जग दिसलं पाहिजे.

'गमो' हा करार पाळत नाही. इथे कुणी जात नाही, आणि जायचं स्वप्नही पाहत नाही. कुणी सांगत नाही की मी मोठा होऊन अमुक होणार. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात कट्ट्यावर बसलेल्या पोराला तुम्ही विचारलंत तर तो पोलीस भरती म्हणेल, एमपीएससी म्हणेल, पुण्याला रूम बघतोय म्हणेल. खरं असेल, नसेल, पण सांगायला एक उत्तर असतं, आणि त्या उत्तराच्या आधारावर तो बसलेला असतो. झिनियातल्या पोरांकडे तेवढंही नाही. आपल्या प्रेक्षकाला हे फार जड जातं, कारण आपण रिकामपण ओळखतो ते वाट पाहण्याच्या रूपात. ज्यात कशाचीच वाट पाहायची नाही असं रिकामपण पाहताना अंगावर येतं.

याला जोडूनच एक आक्षेप आमच्या चर्चेत हमखास येतो, बहुधा सामाजिक कामात असलेल्या माणसाकडून: यात कारणं कुठे आहेत? कारखाने बंद पडले का? सरकार काय करतं? शाळा कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. चित्रपट यातलं काहीच सांगत नाही, आणि ज्याला अमेरिकेच्या त्या पट्ट्यातली गरिबी समजून घ्यायची आहे त्याने दुसरीकडे वळावं. पण कारण न सांगण्याचा एक फायदाही होतो. कारण कळलं की आपण माणसाला त्या कारणाचं उदाहरण करून टाकतो. सॉलोमन 'बेरोजगारीचा बळी' झाला की आपण त्याच्याकडे बघणं थांबवतो. इथे तशी सोय नसल्यामुळे त्याच्या तोंडाकडेच बघत राहावं लागतं. ही किंमत योग्य आहे का? माझ्या मते काही प्रसंगांत आहे, काही प्रसंगांत नाही. म्हणूनच मी 'गमो'वर एकगठ्ठा मत द्यायचं नाकारतो आणि प्रसंग वेगवेगळे काढून पाहतो.

न्हाणीघराचा प्रसंग घ्या, ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. सॉलोमन टबमध्ये बसलाय, पाणी गढूळ. टबवर आडवा ठेवलेला ट्रे, त्यात स्पॅगेटी आणि दूध. तो तिथेच बसून जेवतोय. आई येऊन त्याच्या डोक्याला शाम्पू लावते. चॉकलेट पाण्यात पडतं, तो ते उचलून खातो. मागच्या भिंतीवर बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची, एक पट्टी चिकटपट्टीने लावलेली आहे, आणि ती तिथे का आहे हे कुणीही सांगत नाही. जर्मन दिग्दर्शक वर्नर हरझॉग या चित्रपटाच्या प्रेमात पडला तेव्हा त्याने नेमकी ही बेकनची पट्टी हेरली होती. पुढे 1999 मध्ये त्याने कोरीनच्या पुढच्या चित्रपटात काम केलं, हेही लक्षात ठेवा: त्याचं कौतुक तोंडदेखलं नव्हतं.

किळस येते का? येते. मलाही येते. पण खोलीत काय चाललंय ते साध्या वाक्यात सांगा: आई मुलाला न्हाऊ घालतेय आणि त्याला जेवू घातलंय. तिच्या हातात घाई नाही. रागवणं नाही. या घरात जेवायची जागा, अंघोळीची जागा, झोपायची जागा असे कप्पे उरलेले नाहीत, पण माया उरलेली आहे, आणि ती याच गढूळ पाण्यात दिसते. किळस आणि माया एकाच चौकटीत, एकाच उजेडात. उठून जाणाऱ्याला पाणी दिसतं, कौतुक करणाऱ्याला प्रकाश आणि रंग दिसतात, आणि आईचे हात दोघांच्याही नजरेतून निसटतात. प्रसंग पुन्हा पाहिलात तर फक्त तिच्या हातांकडे बघा.

तळघरातला प्रसंग याच जातीचा. सॉलोमन काटे-चमच्यांच्या जुड्या बांधून व्यायाम करतोय, आई गेलेल्या नवऱ्याचे बूट घालून नाचतेय, मॅडोनाचं गाणं लागलंय. मग ती त्याच्या डोक्याला खेळण्यातली बंदूक लावून म्हणते, हस, नाहीतर मारीन. हे वाचताना भयानक वाटेल. पाहताना कळतं की नवरा गेलेली बाई आपल्या गप्प पोराला हसवण्यासाठी धडपडतेय आणि तिच्याकडे साधनं एवढीच आहेत. लिंडा मान्झचा चेहरा या प्रसंगात अप्रतिम आहे. 'गमो'मध्ये माणुसकी नाही असं म्हणणाऱ्याला मी हा प्रसंग पुन्हा दाखवतो.

स्वयंपाकघरात दारू प्यायलेले लोक पंजा लढवतात, आणि मग त्यांतला एक जण खुर्चीशीच कुस्ती खेळतो, तो तुकडाही माझ्या लेखी चित्रपटाच्या बाजूने जातो. खुर्ची मोडते, सगळे आरडाओरडा करून दाद देतात. इथे टिंगल आहे असं अनेक समीक्षकांना वाटलं. मला नाही वाटत, कारण ती माणसं आपल्यासाठी काही करत नाहीयेत. ती आपापसात रमलेली आहेत, कॅमेरा त्यांच्याच उंचीवर, त्यांच्यातच उभा आहे. अंगातली रग काढायला कुणी माणूस नको म्हणून खुर्ची घेतली, यात मला समजूतदारपणाच दिसतो.

आता दुसरी बाजू. एक माणूस डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणीला पैशांसाठी लोकांपुढे करतो, आणि सॉलोमन-टमलर तिथे जातात, असा एक प्रसंग आहे. हा प्रसंग मी समर्थनीय मानत नाही. तो दाखवण्यात हिंसा आहे म्हणून नव्हे. अशा गोष्टी जगात घडतात आणि सिनेमाने त्या दाखवाव्यात. माझा आक्षेप असा की या प्रसंगात ती मुलगी फक्त धक्का देण्यासाठी आहे. न्हाणीघरात सॉलोमनला वेळ मिळतो, त्याची भूक, त्याचं चॉकलेट, त्याचा हट्ट मिळतो. हिला तसं काही मिळत नाही. याच चित्रपटात, याच दिग्दर्शकाने, गाडीशेजारी उभ्या असलेल्या जन्मजात पांढऱ्या त्वचेच्या एका बाईला स्वतःबद्दल, तिला आवडणाऱ्या पुरुषांबद्दल बोलू दिलंय आणि कॅमेरा निमूट ऐकत राहिलाय. म्हणजे ऐकायचं कसं हे त्याला येत होतं. मग तिथे का ऐकलं नाही, हा प्रश्न कोरीनला विचारायचा हक्क प्रत्येक प्रेक्षकाला आहे.

चित्रीकरणाच्या वेळची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. ज्या घरांमध्ये चित्रण झालं त्यांतलं एक इतकं अस्वच्छ होतं, इतके किडे होते, की युनिटमधल्या लोकांनी संरक्षक पोशाख मागितले. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार त्यांना खिजवायला पोहण्याच्या चड्डीवर आणि चपलांवर वावरले. चाहते हा किस्सा कोरीनच्या धाडसाचा म्हणून सांगतात. मला त्यातला तिसरा पक्ष दिसतो: त्या घरात राहणारं कुटुंब. युनिट काही दिवसांनी बाहेर पडलं. त्या कुटुंबाला पोशाख कुणी दिले नाहीत आणि खिजवायला समोर कुणी नव्हतं. न्हाणीघराचा प्रसंग मला जितका आवडतो तितकंच हेही मी विसरू शकत नाही, आणि या दोन गोष्टींची वजाबाकी करून एक आकडा काढायची गरज मला वाटत नाही.

कोरीन आतला की बाहेरचा? अर्धा-अर्धा. तो नॅशव्हिलचाच, पण माहितीपट करणाऱ्या वडिलांचा मुलगा. या गल्ल्या त्याच्या ओळखीच्या, ही गरिबी त्याची नव्हे. आपल्याकडे नागराज मंजुळेंनी 'फँड्री'मध्ये (2013) कधीच कॅमेऱ्यापुढे न आलेल्या सोमनाथ अवघडेला जब्या म्हणून उभं केलं. तिथे दिग्दर्शक त्या जगातूनच आलेला आहे, आणि तुच्छतेने बघणारा कोण हे चित्रपटाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. 'गमो'च्या शेवटीही बनी बॉय शेतातून धावत कॅमेऱ्याकडे येतो आणि मेलेलं मांजर आपल्यापुढे धरतो. पार्श्वभूमीला रॉय ऑर्बिसनचं गाणं. दोन्हीकडे पडद्यावरचं पोर प्रेक्षकाच्या समोर येऊन ठाकतं. जब्या आपल्याला जाब विचारतो. बनी बॉय काय विचारतो हे मला सांगता येत नाही, आणि कोरीनलाही ते ठरवून सांगायचं नव्हतं असं मला वाटतं. या ठिकाणी मंजुळेंचा चित्रपट मला अधिक धीट वाटतो. 'गमो'च्या चाहत्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते ठरवून न सांगणं हीच हिंमत. या मुद्द्यावर मी कित्येकदा वाद घातलाय आणि अजूनही माझं मत बदललेलं नाही.

समीक्षकांच्या फुटीबद्दल थोडक्यात. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जॅनेट मॅस्लिन यांनी ऑक्टोबरमध्येच लिहून टाकलं की हा वर्षातला सर्वांत वाईट चित्रपट. उलट बाजूला हरझॉग आणि 'गुड विल हंटिंग'चा दिग्दर्शक गस व्हॅन सँट. म्हणजे रोजच्या वर्तमानपत्रात वाचकाला तिकिटाबद्दल सल्ला देणारे एकीकडे, आणि स्वतः चित्रपट बनवणारे दुसरीकडे. यात कुणी मूर्ख नाही आणि कुणी दांभिक नाही. दिग्दर्शक दुसऱ्या दिग्दर्शकाचा चित्रपट बघताना 'हे जमवलं कसं' असं बघतो. समीक्षक आपल्या वाचकाच्या वतीने खुर्चीत बसलेला असतो. तुमच्या गटातही बहुधा हेच झालंय. ज्याला आवडला तो स्वतः काही लिहितो किंवा शूट करतो का, विचारून बघा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या न जाणता मी तुम्हाला ठाम सल्ला देऊ शकत नाही. कुठे पाहिलात हा त्यातला पहिला मुद्दा. मोबाइलवर, तुकड्या-तुकड्यांत पाहिला तर फक्त धक्क्याची दृश्यं हाती लागतात, मधली शांत, लांबण लावणारी दृश्यं बोटाने पुढे सरकवली जातात, आणि मग हा चित्रपट खरोखरच घाणीचा संग्रह वाटतो. कुणासोबत पाहिलात, हा दुसरा. आमच्याकडे एकदा व्यसनमुक्तीच्या कामातले एक गृहस्थ आले होते. गम हुंगण्याच्या दृश्यांनी बाकीचे हादरले, ते हादरले नाहीत. स्टेशनवरची मुलं पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर हुंगतात ते त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांना खटकलं ते वेगळंच: पोरांना भूक लागलेली दिसते पण थकवा दिसत नाही, असं ते म्हणाले. असा शेरा कोणत्याही समीक्षेत मिळणार नाही. आणि ज्याच्या घरात व्यसन आहे, अपंगत्व आहे, ज्याने जवळच्या माणसाला अंथरुणाला खिळलेलं पाहिलंय, त्याच्यावर हा चित्रपट फार वेगळा आदळतो. एका प्रसंगात ही पोरं यंत्रावर जगणाऱ्या म्हातारीचं यंत्र बंद करतात. तुमच्या उठून गेलेल्या मित्राचं कारण असं काही असेल तर त्याला चर्चेत ओढू नका. सौंदर्यशास्त्राचा मुद्दा म्हणून त्याच्याशी वाद घालणं क्रूरपणा होईल.

कॉलेजच्या मुलांना दाखवावा का? दाखवावा, पण 18 पूर्ण झालेल्यांनाच आणि आधी स्पष्ट सांगून. प्राण्यांवरची हिंसा, नशा, लैंगिक शोषण, आत्महत्येचे उल्लेख, हे सगळं यात आहे हे बोलावण्याच्या संदेशातच लिहा. 'सरप्राइज' म्हणून हा चित्रपट कधीही लावू नये. दार उघडं ठेवा, उठून जाणाऱ्याकडे कुणी वळून बघणार नाही हे सुरुवातीलाच सांगा. माझा अनुभव असा की असं सांगितल्यावर फार थोडे उठतात. मध्यंतर करू नका. मध्यंतरात लोक एकमेकांची मतं ऐकतात आणि उरलेला चित्रपट त्या मतांच्या आधाराने बघतात. कोरीनची माहिती, बजेट, पुरस्कार वगैरे आधी अजिबात देऊ नका. झिनियाचं वादळ तेवढं सांगा.

संपल्यावर 'आवडला का' विचारू नका. प्रत्येकाला एक प्रसंग सांगायला लावा, फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते, आणि 'घाणेरडा', 'सुंदर', 'विकृत', 'भारी' यांपैकी एकही शब्द न वापरता. सुरुवातीला मुलांना हे जमत नाही, हसतात, अडखळतात. मग कुणीतरी म्हणतं, "बाई मुलाचे केस धूत होती." दुसरा म्हणतो, "मला ते दिसलंच नाही, मी पाणीच बघत होतो." तिथून चर्चा आपोआप चालते. अर्ध्या तासाने दुसरा प्रश्न टाका: यांतल्या कोणत्या माणसाला हा चित्रपट दाखवायला तुम्हाला संकोच वाटेल, आणि का? नैतिकतेचा मुद्दा त्या प्रश्नातून येऊ द्या, तुम्ही भाषण देऊ नका. तो डाउन सिंड्रोमचा प्रसंग मुलं स्वतःच काढतात, मला कधी काढावा लागला नाही.

आणि पुढच्या पंधरवड्याला 'इ वितेलोनी' लावा. 'गमो'नंतर तो हलकाफुलका वाटेल, कुणी म्हणेल हा तर साधा सरळ चित्रपट आहे. वाटू द्या. शेवटी मोराल्दोची गाडी सुटते तिथे थांबवून विचारा की फलाटावर आणि गावात जे राहिले त्यांचं पुढे काय होतं, आणि आपल्याला त्यांची काळजी वाटते का. त्या प्रश्नावर तुमचा गट 'गमो'पेक्षा जास्त भांडेल असा माझा अंदाज आहे, कारण तुमच्यातले काही जण लवकरच पुण्या-मुंबईला जाणार आहेत आणि काही जाणार नाहीत.